महाबळेश्वर आणि वाईच्या मधले चार बाइट्स

पसरणीच्या घाटाने उतरलात तर महाबळेश्वर ते वाई अंतर तीसेक किलोमीटर भरतं. मी ज्या फाइलींवर काम करते त्यांत ते चार बाइट्स आहे. आजचा लेख या चार बाइट्सबद्दल आहे, आणि त्यांत मी केलेल्या एका घोटाळ्याबद्दल. घोटाळा समजायला आधी वेब सर्व्हरच्या पोटात शिरावं लागेल. सी भाषा येत नसली तरी वाचा, कोडची एकही ओळ देत नाहीये.

आधी डेटा काय आहे ते सांगते. भारतीय हवामान विभागाचा रोजच्या पावसाचा एक डेटासेट आहे. देशभरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून पाव अंश बाय पाव अंशाच्या प्रत्येक चौकटीचा पाऊस काढलेला, १९०१ पासून. ६.५ ते ३८.५ अक्षांशापर्यंत १२९ ओळी, ६६.५ ते १०० रेखांशापर्यंत १३५ स्तंभ. एका चौकटीचा एका दिवसाचा पाऊस चार बाइट्सच्या दशांश संख्येत लिहिलेला असतो. म्हणजे एका दिवसाचे १२९ × १३५ × ४ = ६९,६६० बाइट्स, आणि ३६५ दिवसांची एका वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइट्सची. साधारण २५ एमबी. (जिथे आकडा नाही, म्हणजे समुद्रावर वगैरे, तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षाला प्रत्येकजण एकदा तरी हे उणे ९९९ सरासरीत धरतो. मीही धरलंय.)

महाबळेश्वरला सगळ्यात जवळचा बिंदू १८ अक्षांश, ७३.७५ रेखांश. शून्यापासून मोजलं तर ओळ ४६, स्तंभ २९. वाईचा बिंदू त्याच ओळीत एक घर पुढे, स्तंभ ३०. त्यामुळे फाइलीत १ जानेवारीचा महाबळेश्वरचा पाऊस २४,९५६ बाइट्स सोडून सुरू होतो आणि वाईचा २४,९६० सोडून. एक सह्याद्रीच्या माथ्यावर, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारं. दुसरं पर्जन्यछायेच्या तोंडाशी. मध्ये चार बाइट्स.

आता प्रश्न असा. एखाद्या विद्यार्थ्याला फक्त वाईचा पाऊस हवाय, १९०१ ते २०२०. त्याला लागणारा डेटा वर्षाला ३६५ × ४ = १,४६० बाइट्स. १२० वर्षांचे मिळून पावणेदोनशे केबीसुद्धा नाहीत. पण फाइली जशा आहेत तशा उतरवायच्या म्हटल्या तर तीन जीबी. आमच्या विभागात हेच चालायचं. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर तेच तीन जीबी, प्रत्येकाची फाइल फोडायची वेगळी स्क्रिप्ट, प्रत्येक स्क्रिप्टमध्ये वेगळी चूक. म्हणून मी ठरवलं की प्रयोगशाळेच्या सर्व्हरनेच हवे तेवढे आकडे काढून द्यावेत.

एचटीटीपीमध्ये फाइलीचा तुकडा मागायची सोय आहेच, तुम्ही म्हणाल. अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत द्या, असं ब्राउझर सांगू शकतो. अर्धवट राहिलेलं डाउनलोड पुढे चालू होतं ते यामुळेच. एकाच विनंतीत असे अनेक तुकडेही मागता येतात. मला ३६५ तुकडे हवे होते, दर ६९,६६० बाइट्सनंतर चार बाइट्स. करून पाहिलं. सर्व्हरने मुकाट्याने अख्खी २५ एमबीची फाइल पाठवली. कारण नंतर कळलं. २०११ मध्ये असेच असंख्य तुकडे मागून अपाची सर्व्हरची मेमरी संपवायची एक युक्ती उघडकीला आली होती. तेव्हापासून त्यात तुकड्यांवर मर्यादा आहे, न बदलल्यास २००. त्याहून जास्त मागितले तर तो मागणीच दुर्लक्षित करतो आणि पूर्ण फाइल देतो. माझे १६५ जास्त होत होते.

दुसरा मार्ग सीजीआयचा. वेबच्या अगदी सुरुवातीपासून, १९९३ पासून चालत आलेला. विनंती आली की सर्व्हर बाहेरचा एक प्रोग्रॅम सुरू करतो, त्याला माहिती देतो, त्याचं उत्तर पुढे पाठवतो, प्रोग्रॅम संपतो. मी पायथनमध्ये दहा मिनिटांत लिहिला आणि तो चाललाही. पण १२० वर्षांसाठी १२० विनंत्या, आणि प्रत्येक विनंतीला पायथन नव्याने सुरू, नमपाय नव्याने लोड. दीड केबीच्या आकड्यांसाठी चूल प्रत्येक वेळी पेटवायची, एक पोळी भाजायची, चूल विझवायची.

तिसरा मार्ग म्हणजे मॉड्यूल. सर्व्हरच्या आतच आपला कोड बसवायचा.

इथे एक कबुली देते. आज कोणी मला विचारलं तर मी म्हणेन, पायथनचा एक छोटा प्रोग्रॅम कायम चालू ठेव आणि सर्व्हरला त्याच्याकडे विनंत्या पुढे ढकलायला सांग. दहातल्या नऊ कामांना ते पुरतं. मी मॉड्यूल लिहिलं त्याचं एक कारण आमच्या जुन्या मशीनची तुटपुंजी मेमरी हे होतं, आणि दुसरं, खरं कारण म्हणजे सर्व्हरच्या आत काय चालतं ते मला बघायचं होतं.

तर आत काय चालतं? बरेच जण समजतात की अपाची हा एक मोठा प्रोग्रॅम आहे आणि मॉड्यूल म्हणजे त्याला लावलेलं वरचं काहीतरी, मोबाइलच्या कव्हरसारखं. प्रत्यक्षात मधला गाभा बारीक आहे, आणि आपण ज्याला सर्व्हरचं काम म्हणतो ते बहुतेक सगळं मॉड्यूलंच करतात. पासवर्ड तपासणारं मॉड्यूल, पत्ता बदलणारं मॉड्यूल, उत्तर दाबून लहान करणारं मॉड्यूल, एचटीटीपीएस सांभाळणारं मॉड्यूल. ही रचना १९९५ सालची आहे. एनसीएसएचा जुना सर्व्हर लिहिणारे रॉब मॅक्कूल तिथून गेल्यावर जगभरचे वेबमास्टर त्याला आपापली ठिगळं लावत होते. त्यांतून अपाचीचा गट जमला. त्या गटातल्या रॉबर्ट थाऊ यांनी ठिगळं बाजूला ठेवून मॉड्यूलं जोडता येतील असा नवा सांगाडा रचला आणि १ डिसेंबर १९९५ ला अपाची १.० बाहेर आला तो याच सांगाड्यावर. त्या सांगाड्याचं टोपणनाव होतं शंभाला. आपल्या पुराणांत कल्की जिथे जन्मणार ते शंभल गाव, तेच नाव. अमेरिकेतल्या सर्व्हरला ते कुठून सुचलं असेल कोण जाणे.

मॉड्यूल लिहायला बसल्यावर पहिला धक्का बसतो तो हा, की त्यात सुरुवात नसते. सीचा कुठलाही प्रोग्रॅम मेन या फंक्शनपासून सुरू होतो, हे आपण कॉलेजात घोकलेलं. मॉड्यूलला मेन नाही. तुम्ही सर्व्हरला चालवत नाही, सर्व्हर तुम्हाला बोलावतो. तुम्ही फक्त सांगून ठेवायचं की अमुक टप्प्यावर मला हाक मारा. या हाकेच्या जागांना हुक म्हणतात.

तहसील कचेरीत फाइल कशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, तशी अपाचीत विनंती फिरते. आधी पत्ता वाचून तो कुठल्या फाइलीकडे नेतोय ते ठरवायचं टेबल. मग या माणसाला इथे प्रवेश आहे का, तो कोण, त्याला परवानगी आहे का. मग फाइलीचा प्रकार कोणता. मग शेवटची डागडुजी. मग प्रत्यक्ष उत्तर तयार करणारं टेबल, ज्याला हँडलर म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी नोंदवहीत नोंद. प्रत्येक टेबलावर एकाहून जास्त मॉड्यूलं बसलेली असू शकतात. हाक आली की मॉड्यूलने तीनपैकी एक उत्तर द्यायचं: केलं, माझं काम नाही, पुढे विचारा, किंवा चूक आहे, हा घ्या चुकीचा क्रमांक. त्यातल्या मधल्या उत्तराचं अपाचीतलं नाव डिक्लाइन्ड. मॉड्यूल लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी शिकायचा शब्द हाच.

कारण हँडलरच्या टेबलावर नियम असा आहे की ज्याने पहिल्यांदा 'माझं काम नाही' सोडून दुसरं काही म्हटलं त्याच्यापाशी फाइल थांबते. बाकीच्यांना कोणी विचारत नाही. म्हणून प्रत्येक हँडलरची पहिली ओळ ही असते: ही विनंती माझ्या नावाची आहे का, नसेल तर डिक्लाइन्ड. माझ्या पहिल्या मसुद्यात ही ओळ नव्हती. परिणामी विभागाचं मुखपृष्ठ उघडलं की पावसाचे आकडे. चित्र मागितलं की पावसाचे आकडे. सेमिनारचं वेळापत्रक मागितलं तरी पावसाचेच आकडे. जुलै महिना होता, शोभून गेलं.

ती ओळ घातल्यावर मात्र मजा येते. माझ्या मॉड्यूलचं, म्हणजे मॉड_पाऊसचं, काम फक्त एवढं: पत्त्यातून वर्ष, ओळ आणि स्तंभ वाचा, त्या वर्षाची फाइल उघडा, ३६५ वेळा (लीप वर्षात ३६६) योग्य जागी उडी मारून चार-चार बाइट्स गोळा करा, पाठवा. बाकी सगळं आयतं. कोणाला पासवर्ड लावायचा असेल तर ते आधीच्या टेबलावर झालेलं असतं. उत्तर दाबून पाठवायचं असेल, एन्क्रिप्ट करायचं असेल, ते पुढचे फिल्टर करतात. नोंदवही आपोआप लिहिली जाते. आणि हे सगळं अपाचीबरोबर येणाऱ्या एपीएक्सएस नावाच्या अवजाराने एका कमांडमध्ये कंपाइल होऊन सर्व्हरला जोडलं जातं. सर्व्हर उलट तपासणीही करतो. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात ते कुठल्या पिढीच्या अपाचीसाठी बांधलं त्याचा शिक्का असतो. तो जुळला नाही तर सर्व्हर मॉड्यूल घ्यायला नकार देतो.

एक सावधगिरी इथेच सांगते. पत्त्यातून आलेला प्रत्येक आकडा संशयाने बघायचा. ओळ ० ते १२८ मध्ये आहे का, स्तंभ ० ते १३४ मध्ये आहे का, वर्ष खरंच वर्ष आहे का. आणि फाइली कुठल्या फोल्डरात आहेत ते पत्त्यातून कधीच घ्यायचं नाही. ते सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत लिहायचं, त्यासाठी मॉड्यूलला स्वतःचा सेटिंगचा शब्द ठरवता येतो. सीजीआयचा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटा कोसळतो. मॉड्यूल सर्व्हरच्या घरात राहतं. ते पडलं तर घराची भिंत घेऊन पडतं.

घराचा दुसरा नियम मेमरीचा. सीमध्ये मेमरी मागायची, वापरायची आणि आठवणीने परत करायची असते. परत करायला विसरलं की गळती. दिवसाला दहा वेळा चालणाऱ्या प्रोग्रॅमला ते खपून जातं. महिनोन्महिने बंद न होणाऱ्या सर्व्हरला नाही. यावर अपाचीचा उपाय म्हणजे पूल. लग्नाच्या पंगतीत पत्रावळी असतात तसं समजा. कोणी आपली पत्रावळ घासून जागेवर ठेवत नाही. पंगत उठली की सगळ्या एकदम गोळा करून टाकतात. प्रत्येक विनंतीची स्वतःची पंगत असते. तिच्या पूलमधून हवी तेवढी मेमरी घ्या, फाइली उघडा, विनंती संपली की सर्व्हर सगळं एकदम आवरतो, फाइलीही बंद करतो. याशिवाय एका जोडणीपुरता पूल असतो आणि सर्व्हर चालू आहे तोवर राहणारा सेटिंगचा पूलही असतो. नियम सोपा आहे: वस्तू जेवढी जगायला हवी तेवढ्याच आयुष्याच्या पूलमधून घ्या. एका विनंतीचं काम सर्व्हरभर जगणाऱ्या पूलमधून केलं तर ती पंगत कधी उठतच नाही.

हे सगळं मी वाचलं होतं. वहीत टिपणंही काढली होती. आणि तरीही ३६५ आकडे गोळा करायची जागा, म्हणजे बफर, मी कुठल्याच पूलमधून घेतली नाही. तो मॉड्यूलमध्येच एकदा कायमचा जाहीर करून टाकला, सीमध्ये ज्याला स्टॅटिक म्हणतात तसा. आकार ठरलेला, ३६६ संख्या, मग दर वेळी कशाला मागायचं? वेगवान होईल, असंही वाटलं.

आणि ते चाललं. वर्षभर बिनबोभाट चाललं. कारण तेव्हा आमच्या सर्व्हरवर पीएचपीतलं एक जुनं विकी होतं, आणि त्यासाठी अपाची प्रीफोर्क नावाच्या पद्धतीने चालत होता. या पद्धतीत सर्व्हर स्वतःच्या अनेक प्रती करून ठेवतो आणि प्रत्येक प्रत एका वेळी एकच विनंती हाताळते. प्रत्येक प्रतीकडे माझ्या बफरची स्वतंत्र नक्कल. भांडण व्हायला दुसरं कोणी नव्हतंच.

पुढे विकी बंद झालं. मी उत्साहाने सर्व्हर प्रीफोर्कवरून इव्हेंट पद्धतीवर नेला. इव्हेंट ही अपाचीची आजची नेहमीची पद्धत, २.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून पक्की झालेली. हिच्यात प्रती थोड्या, पण प्रत्येक प्रतीत अनेक थ्रेड, न बदलल्यास २५. एका प्रतीतले सगळे थ्रेड एकच मेमरी बघतात. मेमरीचा वापर लगेच खाली आला आणि मी प्रयोगशाळेच्या ग्रुपवर त्याचा आलेखही टाकला.

आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एकच पांढरा फळा आहे. एकजण समीकरण लिहितोय आणि दुसरा येऊन डावीकडून आपलं लिहायला लागला, आधीचं पुसत पुसत, तर पहिला शेवटी मागे सरून फोटो काढेल त्यात डावीकडे दुसऱ्याचं आणि उजवीकडे त्याचं स्वतःचं असेल. माझ्या बफरचं नेमकं हेच झालं. वाईची विनंती जानेवारीपासून आकडे भरत चाललीय. ती सप्टेंबरात असताना त्याच प्रतीतल्या दुसऱ्या थ्रेडवर महाबळेश्वरची विनंती आली आणि त्याच बफरमध्ये जानेवारीपासून भरू लागली. वाईची डिसेंबरला पोचून बफर पाठवते तेव्हा महाबळेश्वरची जुलैपर्यंत आलेली असते. वाईच्या नावाने जे उत्तर जातं त्यात जुलैपर्यंत महाबळेश्वरचा पाऊस आणि पुढे वाईचा.

सर्व्हर कोसळत नाही. नोंदवहीत २०० लिहिलं जातं, म्हणजे सगळं ठीक. आकार १,४६० बाइट्स, तोही ठीक. आकडे सगळे खरे, हवामान विभागाचेच. फक्त गाव चुकलेलं.

हे माझ्या नाही, माझ्या एका ज्युनिअरच्या लक्षात आलं. ती सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंच्या जून महिन्याच्या पावसाची तुलना करत होती. एका दुपारी लॅपटॉप घेऊन आली. "ताई, काही वर्षी वाईचा जून महाबळेश्वरच्या बरोबरीला येतोय. आणि ऑगस्टमध्ये एकदम उतरतो. असं होऊ शकतं?"

मी तिला काय सांगितलं ते प्रामाणिकपणे लिहिते. मी म्हटलं, स्तंभ मोजताना एकाने चुकली असशील, चारच बाइट्सचा फरक आहे. ती गेली, तपासून आली, स्तंभ बरोबर होता. मी तिने सांगितलेलं एक वर्ष माझ्या मशीनवरून मागवलं. वाईसारखीच वाई. म्हटलं, बघ, सर्व्हर बरोबर देतोय, तुझ्या कोडमध्ये बघ. तिने दोन आठवडे स्वतःचा कोड बघितला. दरम्यान सरांना आलेख दाखवला गेला, त्यांना त्यात रस वाटला, आणि घाटमाथ्यावरचा पाऊस काही वर्षी पूर्वेकडे उतरतो का या दिशेने तिच्या प्रकरणाची मांडणी बदलायला सुरुवात झाली. वाऱ्यांचा डेटा काढून झाला. कारण शोधायला बसलं की कारण सापडतंच, ही आमच्या क्षेत्राची जुनी खोड.

गाठ सुटली ती तिच्याच एका वाक्याने. "मी पुन्हा उतरवलं की बरोबर येतं. पहिल्यांदाच चुकतं." एकदा होतं आणि एकदा होत नाही, हे ऐकलं की प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा यायला हवा. माझ्या आला. तिची स्क्रिप्ट एका वर्षाचे सगळे बिंदू एकाच वेळी मागवत होती, वाई आणि महाबळेश्वर शेजारी-शेजारी. पहिल्या वेळी त्या वर्षाची फाइल डिस्कवरून वाचावी लागायची, ३६५ उड्यांना वेळ लागायचा, दोन विनंत्या एकमेकींवर यायला भरपूर अवकाश मिळायचा. दुसऱ्या वेळी फाइल मेमरीत असायची, काम क्षणात संपायचं, टक्कर व्हायचीच नाही. आणि मी एकटीने मागवलं तेव्हा टक्कर द्यायला दुसरं कोणी नव्हतंच.

मी मॉड्यूलची चाचणी घेतली नव्हती का? घेतली होती. अपाचीबरोबर एबी नावाचं अवजार येतं, सर्व्हरवर एकदम शेकडो विनंत्यांचा मारा करणारं. पद्धत बदलल्यावर मी तेच चालवलं होतं. चुकलेल्या विनंत्या: शून्य. पण एबी एकाच पत्त्यावर मारा करतो. सगळे थ्रेड एकाच बफरमध्ये तेच आकडे लिहीत होते, मग चुकणार काय? शिवाय उत्तर चुकलं की नाही हे तो लांबीवरून ओळखतो, आणि माझं प्रत्येक उत्तर १,४६० बाइट्सचंच.

खरी चाचणी दोन ओळींची होती. वाई आणि महाबळेश्वर आलटून पालटून, एका वेळी वीस अशा दोन हजार विनंत्या पाठवायच्या आणि प्रत्येक उत्तराचा चेकसम काढायचा. दोन गावं, एक वर्ष, वेगवेगळे चेकसम दोनच यायला हवेत. स्क्रीन भरून चेकसम आले. मी त्या यादीकडे बघत किती वेळ बसले ते सांगत नाही.

दुरुस्ती एका ओळीची. बफर विनंतीच्या पूलमधून घ्यायचा. प्रत्येक पंगतीला स्वतःची पत्रावळ. चाचणी पुन्हा चालवली, दोन चेकसम.

तुम्ही एनजिनएक्स वापरत असाल तर ही विशिष्ट चूक याच रूपात भेटणार नाही, पण तिचं भावंडं भेटेल. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये खुला केलेला हा सर्व्हर थ्रेड न वापरता एका प्रोसेसमध्ये हजारो जोडण्या आळीपाळीने सांभाळतो. त्यातही मॉड्यूलं आहेत, विनंतीचे ११ टप्पे आहेत, प्रत्येक विनंतीचा पूलही आहे. २०१६ पासून मॉड्यूल वेगळं कंपाइल करून नंतर जोडताही येतं, त्याआधी अख्खा सर्व्हरच पुन्हा बांधावा लागायचा. पण तिथे तुमचा कोड डिस्कची वाट बघत थांबला तर त्या प्रोसेसमधल्या बाकी सगळ्या जोडण्या थांबतात. आणि न थांबता काम अर्धवट ठेवून परत आलात, तर मधल्या वेळात दुसरी विनंती तुमच्याच कोडमधून जाऊन येते. तेव्हा अर्धवट माहिती स्टॅटिक बफरमध्ये ठेवली असेल तर पुन्हा तोच फळा, तेच दोघं.

मॉड्यूल लिहायचंच असेल तर माझं मत असं. पाठवायचं उत्तर फक्त तयार करायचं असेल तर सर्व्हरच्या बाहेर राहा. प्रवेशाच्या टेबलावर स्वतःचा नियम लावायचाय, प्रत्येक उत्तर जाता जाता बदलायचंय, नोंद वेगळ्या प्रकारे ठेवायचीय, अशी कामं आतूनच होतात. तिथे मॉड्यूल हवं. लिहायच्या आधी निक क्यू यांचं २००७ चं अपाची मॉड्यूलांवरचं पुस्तक वाचा. जुनं आहे, पण पूल आणि हुक बदललेले नाहीत. आणि तुमच्या कोडमध्ये स्टॅटिक हा शब्द शोधा. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा की दोघं एकदम इथे आले तर काय होईल. माझ्या कोडमध्ये तो शब्द तीन ठिकाणी होता. दोन निरुपद्रवी निघाले.

दुरुस्तीनंतरचं काम जास्त वेळ चाललं. पद्धत बदलल्यापासून दुरुस्तीपर्यंतचे साडेचार महिने, त्या काळात सर्व्हरवरून कोणी कोणी आकडे नेले ते नोंदवहीतून काढलं. कोणाचे चुकले ते मात्र नोंदवही सांगू शकत नव्हती, तिच्या लेखी प्रत्येक ओळ २०० आणि १,४६०. म्हणून सगळ्यांनाच लिहिलं. आमच्या विभागातले पाच, आणि बाहेरचे चार, ज्यांना मीच कौतुकाने पत्ता दिला होता. काय झालं, का झालं, कोणत्या तारखांमधला डेटा टाकून द्यायचा आणि पुन्हा उतरवलेला जुन्याशी कसा ताडून बघायचा, सगळं लिहिलं. पहिली मेल ज्युनिअरलाच पाठवली, जरी ती दोन टेबलं सोडून बसलेली होती. तिने वाचली, वळून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे वाऱ्याचं प्रकरण काढून टाकायचं?" काढून टाकलं. तिचे दीड महिने गेले.

सात जणांची उत्तरं आली. दोघांचे आकडे बदलले, सुदैवाने अजून कुठे पाठवलेले नव्हते. बाहेरच्या एकाकडून अजून काहीच आलेलं नाही. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे एका रात्रीतल्या २,८०० विनंत्या आहेत, एका वेळी सोळा-सोळा. मी दुसरी मेल पाठवलीय.

ज्युनिअरची? तिने मेलला उत्तर दिलं नाही, ती चहाला बोलवायला आली.